जाब माणसाला विचार, जातीला नको

चि. ओंकार यास,


परवा फोनवर बातमीतल्या आरोपीचं आडनाव कळताच तू म्हणालास, "मामा, ते लोकच तसले." फोनवर वाद नको, म्हणून हे पत्र.

३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेने गांधीजींचा खून केला. तो पुण्याचा, चित्पावन ब्राह्मण. हे कळलं आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. मुंबईत विनायक सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव दगडफेकीत जबर जखमी झाले आणि पुढच्याच वर्षी वारले. ते खुनाच्या खटल्यात आरोपीही नव्हते. पेटवणाऱ्यांच्या मनात सावकारी आणि शिवाशिवीचा जुना राग होता, तो खोटा नव्हता. पण गावातल्या भिक्षुकाचं छप्पर जाळून त्यातला कुठलाच हिशेब चुकता झाला नाही.

आता हे बघ. गांधीजी ज्यांना राजकीय गुरू मानत ते गोपाळ कृष्ण गोखले चित्पावनच. १९४० साली पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून गांधीजींनी निवडलेले विनोबा भावेही चित्पावन. उलट खुनाच्या कटातला मदनलाल पाहवा पंजाबातून आलेला निर्वासित. जात धरून हिशेब मांडलास तर गुरू, शिष्य आणि मारेकरी एकाच रकान्यात येतात.

याचा अर्थ विचारांचा हिंसेशी संबंध नसतो, असा घेऊ नकोस. फाळणीचा सगळा दोष एका म्हाताऱ्याच्या माथी मारणारा विचार होता, म्हणून पिस्तूल उचललं गेलं. असा विचार पसरवणाऱ्याला खडसावायलाच हवं. पण विचार माणूस पत्करतो, जात जन्मासोबत येते. शिवाय विचार पटलेला प्रत्येक जण खुनी नसतो, हेही ध्यानात ठेव. लाल किल्ल्यातल्या खटल्यात एकेका आरोपीविरुद्धचा पुरावा वेगळा तपासला गेला. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात दोघांना फाशी, इतर काहींना जन्मठेप झाली. विनायक सावरकर पुराव्याअभावी सुटले. तो निकाल कुणाला पटो न पटो, रीत तीच बरोबर.

तेव्हा 'ते लोक' तोंडावर आलं की आधी दोन प्रश्न विचार: केलं कोणी, आणि त्याला शिकवलं कोणी? उत्तर सापडलं तर नाव घेऊन, न घाबरता बोल. नाही सापडलं तर गप्प बस.

तुझा,
मामा