सायकलस्वारीचा छंद : निवड, सराव आणि दुखापतीनंतरची वाट

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा येते. अतिशय श्रीमंत घरातला हा सुकुमार तरुण संघात आला आणि अतिउत्साहाने चंक्रमण करू लागला. त्याचे तळपाय फुटले, चालण्याची वाट रक्ताने माखली, तरी चित्त शांत होईना. तो घरी परतण्याचा विचार करू लागला तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला त्याच्याच पूर्वायुष्यातील वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही आणि सैल सोडली तरी लागत नाही. भगवंतांनी त्याला प्रयत्न सोडावयास सांगितले नाही. प्रयत्नाचे माप शिकविले. त्यानंतर त्यांनी त्याला पादत्राणे वापरण्याची अनुज्ञाही दिली.

सायकलस्वारीच्या छंदाविषयी लिहिताना ही कथा आठवण्याचे कारण असे, की या छंदात नवखा माणूस ज्या तीन चुका करतो त्या तिन्ही या कथेत आहेत : साधनाकडे दुर्लक्ष, प्रयत्नाचा अतिरेक आणि दुखापत होताच निराशा. या लेखात त्याच क्रमाने विचार करू.

साधनाची निवड

आपल्या वडिलांच्या पिढीची काळी, दणकट सायकल ही दूध, चारा आणि माणसे वाहणारी सायकल होती. तिचे वजन वीस किलोच्या आसपास असे. लांब पल्ल्यासाठी आज प्रामुख्याने तीन प्रकार समोर येतात. जाड, खाचदार टायरची आणि पुढे शॉकअप असलेली एमटीबी मुलांना आकर्षक वाटते. परंतु डांबरी रस्त्यावर ते टायर आणि तो शॉकअप आपलीच ताकद खातात. वाकड्या हँडलची रोड बाइक हलकी आणि वेगवान असते, मात्र तिच्या अरुंद टायरांना खड्डे सोसत नाहीत. या दोहोंच्या मधली ती हायब्रिड : सरळ हँडल, सुमारे 35 ते 40 मिलिमीटर रुंद टायर आणि पुरेसे गिअर. जालना जिल्ह्यात चांगला महामार्ग सोडून गावाकडे वळले, की डांबर संपून खडी लागते. म्हणून प्रथम सायकल घेणाऱ्यास हायब्रिडच योग्य. रोड बाइकच हवी असल्यास निदान 28 ते 32 मिलिमीटरचे टायर बसतील अशी घ्यावी.

किमतीपेक्षा माप महत्त्वाचे आहे. सायकलच्या दांडीवर दोन्ही बाजूंस पाय टेकून उभे राहिल्यावर दांडी आणि जांघ यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. स्वस्त मिळाली म्हणून मोठ्या मापाची सायकल घेणे हे दुसऱ्याची चप्पल घालून वारीला निघण्यासारखे आहे.

बैठकीची उंची

गुडघेदुखीची निम्मी कारणे सीटच्या उंचीत सापडतात. भिंतीला धरून सायकलवर बसावे, पेडल सर्वांत खाली आणावे आणि टाच त्यावर ठेवावी. पाय सरळ झाला तर उंची योग्य. प्रत्यक्ष चालवताना चवडा पेडलवर येतो आणि गुडघ्यास आवश्यक तेवढा थोडा बाक मिळतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखते. फार वर असेल तर मागच्या बाजूस दुखते आणि कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते. हाताची करंगळी बधिर होत असेल तर हँडलवर भार जास्त पडतो आहे असे समजावे आणि हाताची पकड वारंवार बदलावी.

आपल्या घरच्या मुलींसाठीही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. सायकल मिळाल्यावर तिची सीट त्या मुलीच्या उंचीप्रमाणे बसवून देणारे कोणी भेटतेच असे नाही. पायांना त्रास होतो म्हणून सायकल कोपऱ्यात उभी राहते आणि कधी कधी शाळाही मागे पडते. एक पाना आणि पाच मिनिटे एवढाच हा उपाय आहे.

सरावाचे माप

महाराष्ट्राने या क्षेत्रात मोठी माणसे दिली. 2015 साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. 2017 साली लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. गोकुळनाथ यांचा आदल्या वर्षीचा प्रयत्न अपुरा राहिला होता, ही गोष्ट मला त्यांच्या यशाइतकीच बोधप्रद वाटते.

आपण मात्र दहा किलोमीटरपासून आरंभ करावा. आठवड्याचे एकूण अंतर दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. जड गिअर रेटण्याऐवजी हलका गिअर घेऊन पाय भरभर फिरवावेत, गुडघे वाचतात. ध्येयच हवे असेल तर ‘ब्रेव्हे’ हा प्रकार आहे : 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करावयाचे असतात. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. स्पर्धा स्वतःशीच असते.

आपला परिसर या छंदाला अनुकूल आहे. जालन्याहून भोकरदनचा रस्ता धरावा. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन; सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगरीच्या दात्यांचे उल्लेख आहेत. पुढे सिल्लोडमार्गे अजिंठा. ज्या वाटेच्या परिसरात आपल्या धम्माचा इतिहास घडला, ती वाट स्वतःच्या पायांच्या बळावर पार करण्याचे समाधान वेगळेच आहे. समृद्धी महामार्गावर सायकलला प्रवेश नाही, हे मुलांना अवश्य सांगावे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सूर्योदयापूर्वी निघून नऊच्या आत परतावे. तासाला निदान अर्धा लिटर पाणी आणि लांब पल्ल्यास मीठ-साखरेचे पाणी सोबत असावे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो. जाताना छत्रपती संभाजीनगरची दिशा धरावी, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहतो.

पडल्यानंतर

काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेल्या ओल्या काळ्या मातीवरून माझी सायकल घसरली आणि कॉलरबोन मोडले. हात स्लिंगमध्ये ठेवण्यास डॉक्टरांनी सांगितले होते. पाचव्या आठवड्यात दुखणे थांबले, म्हणून कोणास न विचारता मी सायकल काढली. समोर कुत्रे आले, दोन्ही ब्रेक दाबले आणि खांद्यातून अशी कळ गेली की घरापर्यंत सायकल हाताने ढकलत आणावी लागली. विश्रांतीचा काळ आणखी महिनाभर लांबला. सोण भिक्खूची कथा मला त्या महिन्यात खऱ्या अर्थाने कळली.

या अनुभवातून आणि वैद्यकीय सल्ल्यातून जे शिकलो ते असे :

1. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, विस्मरण किंवा वाढती डोकेदुखी असेल तर थेट रुग्णालय गाठावे. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे.
2. खरचटल्यावर जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी. हळद, चुना किंवा राख भरू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे.
3. हाड मोडल्याची शंका असेल तर चोळू नये, चोळून घेऊ नये, एक्स-रे काढावा.
4. दुखणे थांबणे आणि हाड जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलरबोन जुळण्यास बहुधा सहा ते बारा आठवडे लागतात. परतण्याचा निर्णय एक्स-रे आणि डॉक्टर यांवर सोपवावा.
5. दोन्ही हातांनी ब्रेक पूर्ण दाबता येईपर्यंत रस्त्यावर जाऊ नये. तोवर चालणे, फिजिओथेरपीचे व्यायाम आणि परवानगी मिळाल्यास घरात स्टँडवर सायकल.
6. पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांची, सपाट रस्त्याची आणि सोबतीची असावी. पूर्वीच्या अंतराशी तुलना करू नये.

भीतीचाही उल्लेख केला पाहिजे. हाड जुळल्यावरही त्या वळणावर हात थरथरतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. थरथर आहे हे ओळखावे, वेग कमी करावा आणि ते वळण पुन्हा पुन्हा पार करावे. काही दिवसांनी ते इतर वळणांसारखेच होते.

समारोप

सोणाच्या कथेचा शेवट सहसा सांगितला जात नाही. पादत्राणांची अनुज्ञा मिळाल्यावर तो म्हणाला, की ती एकट्या मला नको. संघाला मिळाली तर मीही वापरीन. तेव्हा भगवंतांनी ती सर्व भिक्खूंना दिली. आपण माजी विद्यार्थी आज कमावते आहोत, हजारो रुपयांच्या सायकली घेऊ शकतो. या शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या आणि गावाहून पेडल मारत येणाऱ्या मुलामुलींसाठी हवा भरण्याचा पंप, पंक्चरचे साहित्य, एक पान्यांचा संच आणि काही हेल्मेट आपण मिळून ठेवू शकलो, तसेच वर्षातून एका रविवारी प्रत्येक सायकलची सीट आणि ब्रेक तपासून देऊ शकलो, तर त्या अनुज्ञेचा अर्थ आपल्याला कळला असे म्हणता येईल.