न उघडलेला मेसेज

डिसेंबरातला रविवार. पुण्याबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत मला शृंगी घुबडाचं घरटं सापडलं. घरटं कसलं, कपारीतली उघडी माती. हे घुबड काड्याबिड्या गोळा करायच्या फंदात पडत नाही, कड्यातल्या सपाट जागेवर थेट अंडी घालतं. शेजारी हाडं-केसांचे वाळलेले गोळे पडलेले आणि मादी केशरी डोळे वटारून माझ्याकडे बघत बसलेली. पंधरा वर्षं पक्षी बघतोय, असं दृश्य कधी मिळालं नव्हतं. गाडीत बसल्या बसल्या फोटो आणि लोकेशन आमच्या पक्षिनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

घरी पोचेपर्यंत दोन्ही गायब. त्या जागी ॲडमिनने मेसेज काढल्याची एक ओळ.

डोकंच फिरलं. बूटसुद्धा न काढता ग्रुपवर लिहिलं, ‘ग्रुप ही कुणाची जहागीर आहे का?’ वर हुशारी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021चा निकाल फेकला: ॲडमिनला माणसं घेण्या-काढण्यापलीकडे फारसे अधिकार नसतात. निकाल खरा, पण वेगळ्याच मुद्द्यावरचा. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराचा गुन्हा ॲडमिनच्या माथी मारता येतो का, हा तिथला प्रश्न होता. माझ्या फोटोशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आणि 2022पासून तर व्हॉट्सॲपनेच ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायची सोय दिलीय.

दोन तास ग्रुप पेटला होता. चार जण माझ्या बाजूने, चार ॲडमिनच्या, बाकीचे मजा बघत. ॲडमिन, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, कोंडीत पकडलं.

संध्याकाळी चॅटची यादी खाली सरकवताना त्यांचा खाजगी मेसेज दिसला. वेळ 10:42. माझा स्फोट 10:55चा. ‘फोटो फारच सुंदर. पण घरटं चालू आहे, म्हणून काढलाय. राग मानू नका, संध्याकाळी फोन करतो.’ स्फोटाआधी तेरा मिनिटं तो माझ्या खिशात न वाचता पडून होता.

फोन आला तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं. जमिनीलगतच्या घरट्यापाशी माणसं आली की मादी भर दिवसा उठते. ती उठली की कावळे तिच्या मागे लागतात आणि अंडी उघडी पडतात. शिवाय अंधश्रद्धेपायी घुबडांचा चोरटा व्यापार चालतो, तो दिवाळीच्या सुमारास वाढतो. एकदा जागा फुटली की फुटली. पक्षिनोंदींच्या ईबर्ड संकेतस्थळावरही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा सगळ्यांना दिसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या सकाळी आठवलं नाही, इतकंच.

खरी माती माझ्या भांडणाने केली. फोटो गुपचूप गेला असता तर निम्म्या लोकांना पत्ताही लागला नसता. मी आरडाओरडा केल्यावर जो तो विचारू लागला, ‘कुठलं घुबड? कुठे?’ सरांनी काढण्याआधी कुणीतरी लोकेशन उघडून ठेवलं होतंच, ते पुढे गेलं. पुढच्या रविवारी खाणीच्या तोंडाशी पाच गाड्या उभ्या. तिसऱ्या आठवड्यात कपार रिकामी. अंडी कावळ्यांनी नेली की माणसांनी, सांगता येत नाही.

माफी मी ग्रुपवरच मागितली. शिव्या चारचौघांत घातल्या असताना माफी कानात कुजबुजण्यात अर्थ नव्हता. तक्रारीचं मात्र उलटं. ती आधी एकट्यालाच सांगावी, कारण सगळ्यांसमोर माणूस ऐकत नाही, मान सांभाळत बसतो. ॲडमिनही आणि आपणही. ग्रुपवर लिहिण्याआधी खाजगीत काही आलंय का, हे बघायला दहा सेकंद लागतात. लिहिताना ‘का काढलं?’पेक्षा ‘कुठला नियम लागला, सांगाल का? पुढच्या वेळी लक्षात ठेवतो’ हे बरं. पहिल्यात उत्तर मागण्याऐवजी हिशेब मागितला जातो. जुनी उणीदुणी त्याच मेसेजात कोंबू नयेत. आणि खाजगी उत्तराचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं म्हणजे संपलंच, त्या माणसाचा खाजगी मेसेज तुम्हाला पुन्हा यायचा नाही.

ॲडमिन चुकतात, नाही असं नाही. तेही नोकरी-संसार सांभाळून फुकटात हे करतात, घाईत भलतंच काढून टाकतात. उत्तर आलं नाही तर दोन दिवस थांबून दुसऱ्या ॲडमिनला विचारावं. तरीही पटलं नाही तर ग्रुप सोडावा, पण जाताना दार आपटू नये.

सरांचं नि माझं अजूनही सगळं पटत नाही. पिल्लं उडून गेल्यावर रिकाम्या घरट्याचा फोटो टाकायला काय हरकत आहे, असं मी म्हणतो. ते म्हणतात, हे घुबड पुढच्या वर्षी त्याच कपारीत परत येऊ शकतं. परवाच तासभर वाद झाला. फोनवर.