एका दिवसात किती डोंगर?

प्रश्न : माझा भाचा स्कॉटलंडमध्ये शिकायला आहे. तिथले लोक एका दिवसात पाच-सात डोंगरांची शिखरं पळत पार करतात, असं तो सांगतो. मी रोज सकाळी नेपानगरच्या मिल कॉलनीत पाच किलोमीटर धावतो; तरी गेल्या हिवाळ्यात असीरगड चढताना निम्म्या वाटेत दम लागून बसावं लागलं. मग हे लोक डोंगरावर धावतात तरी कसे? आपल्याकडे असं कुणी करतं का? आणि मला असीरगडावर याचा सराव करता येईल का?
— एक वाचक, नेपानगर (जि. बऱ्हाणपूर)

उत्तर : भाचा थापा मारत नाही, उलट कमीच सांगतोय. स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांहून, म्हणजे ९१४ मीटरहून उंच डोंगरांची एक मान्य यादी आहे. सर ह्यू मन्रो यांनी ती १८९१ साली पहिल्यांदा छापली, म्हणून त्या डोंगरांना ‘मन्रो’ म्हणतात. आजच्या यादीत असे २८२ मन्रो आहेत. सुट्टीच्या दिवशी दोन-चार मन्रो पदरात पाडून घ्यायचे, हा तिथला जुना नाद. साऊथ ग्लेन शील नावाची एक लांब धार आहे. नुसते चालणारेही उन्हाळ्यात तिच्यावरून एका दिवसात सात मन्रो करतात. धावणाऱ्यांची भूक अर्थातच मोठी.

ती किती मोठी, याचं उत्तर चार्ली रॅमसे या धावपटूने जुलै १९७८ मध्ये दिलं. बेन नेव्हिसच्या पायथ्याशी ग्लेन नेव्हिसचं युवा वसतिगृह आहे. तिथून निघून भोवतालची २४ शिखरं पायाखाली घालून तो पुन्हा त्याच दारात आला. अंतर सुमारे ९३ किलोमीटर, एकूण चढण सुमारे ८७०० मीटर आणि वेळ २३ तास ५८ मिनिटं. चोवीस तासांची अट दोन मिनिटं राखून पुरी झाली. तेव्हापासून या फेरीला ‘रॅमसे राउंड’ म्हणतात आणि ती चोवीस तासांत पुरी करणं हा तिथल्या धावपटूंमध्ये मोठा मान समजला जातो. फोर्ट विल्यम गावचा डॉक्टर फिनले वाइल्ड याने २०२० साली हीच फेरी १४ तास ४२ मिनिटांत आटोपली.

आता ‘कसे’ याकडे वळू. पहिला घोळ उंचीचा आहे. बेन नेव्हिस हा साऱ्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, पण उंची १३४५ मीटर. तुमच्याच राज्यातला पचमढीचा धूपगड त्याच्यापेक्षा काही मीटर उंचच भरेल, आणि आपलं कळसूबाई तर १६४६ मीटर. पण पचमढी गावच मुळात हजार मीटरच्या वर वसलंय, त्यामुळे धूपगडासाठी प्रत्यक्ष चढायचं ते तीनेकशे मीटर. फोर्ट विल्यम समुद्राच्या खाडीकाठी आहे. तिथे बेन नेव्हिसचा जवळजवळ प्रत्येक मीटर पायांनी कमवावा लागतो. म्हणून डोंगरात धावणारे शिखराची उंची विचारत नाहीत, दिवसभरात चढण किती जमली ते विचारतात.

हा हिशेब असीरगडाला लावून पाहा. गड पायथ्यापासून सुमारे ८५० फूट, म्हणजे २६० मीटर उठतो. तो लागोपाठ पाच वेळा चढलात, की एक बेन नेव्हिस होतो. रॅमसे राउंडसाठी तो एका दिवसात तेहेतीस वेळा चढावा लागेल, शिवाय तेवढ्याच वेळा उतरावा लागेल.

वेळेचा अंदाज काढायलाही स्कॉटलंडमध्येच एक सोपा नियम जन्मला. विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला आणि गिर्यारोहक तो आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास जोडा. या नियमाने तुमच्या असीरगडाच्या चढणीसाठी अंतराच्या वेळेवर पंचवीस-सव्वीस मिनिटं जास्त धरायला हवीत. रॅमसे राउंडचा हिशेब मात्र तेहेतीस तासांवर जातो, तोही कुठेही न थांबता. चोवीस तासांत ही फेरी करणारे नऊ तास कुठून वाचवतात, हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

थोडं श्रेय भूगोलाला द्यावं लागेल. हिमनद्यांनी कोरलेले तिथले डोंगर पुष्कळ ठिकाणी लांब धारांनी एकमेकांना जोडलेले आहेत. एकदा धारेवर पोचलं की दोन शिखरांमध्ये फक्त खिंडीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा वर लागायचं. दर वेळी दरीत जावं लागत नाही. शिवाय जूनमध्ये तिथे साडेसतरा तासांच्या आसपास दिवस असतो. तुमच्याकडे त्याच दिवसांत तो साडेतेरा तासांहून मोठा नसतो. आणि २००३ च्या एका कायद्याने तिथे जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक माळ-डोंगरांवर फिरण्याचा हक्क दिला आहे.

दुसरी गोष्ट पायांच्या कसबाची. तुम्हाला धक्का बसेल, पण डोंगरावर धावणारे तीव्र चढावर धावत नाहीत. पार अव्वल धावपटूसुद्धा तिथे कमरेत वाकून, दोन्ही तळवे मांड्यांवर दाबत, झपझप चालतात. चढ फार उभा झाला की त्याच मंद वेगाने धावण्यापेक्षा चालायला शरीराला कमी प्राणवायू लागतो. तुम्हाला असीरगडावर दम लागला तो बहुधा कॉलनीतल्या सपाट रस्त्याचा वेग चढावर नेल्यामुळे. चढताना शेजारच्याशी एक अख्खं वाक्य बोलता येईल, एवढाच वेग ठेवायचा. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा.

वेळ वाचतो तो धारेवर आणि उतारावर. पण उतारच पाय मोडतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन तोलून धरतात आणि त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. गड उतरल्यावर त्या दिवशी काही वाटत नाही; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तो याचमुळे. त्यातली चांगली गोष्ट अशी, की बेताच्या उतारावर एकदा सराव झाला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू पुष्कळ कमी दुखतात. उतारावर पावलं लहान आणि भराभर टाकायची, टाच रोवून शरीर रोखायचं नाही आणि नजर बुटांवर न ठेवता चार-पाच पावलं पुढे ठेवायची.

तिसरी गोष्ट पोटाची. शरीरात साठवलेली साखर जोरकस श्रमाला दोनेक तास पुरते. म्हणून हे लोक भुकेची वाट न पाहता अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाकत राहतात. तुम्ही तर केळीच्या जिल्ह्यात राहता; दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा एवढं असलं की महागडी पाकिटं लागत नाहीत. पाण्यात मीठ, साखर आणि लिंबू हवंच. तासन्‌तास घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं मीठ घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

आता आपल्याकडचं. पुण्याची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ‘कात्रज ते सिंहगड’ करतात. संध्याकाळी कात्रजच्या घाटातून निघायचं आणि डझनभराहून अधिक टेकड्या चढत-उतरत, बहुधा चांदण्या रात्री, सिंहगड गाठायचा. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण मुरमाड घसाऱ्यावर पाय ठरत नाही आणि दर टेकडीवर वाटतं, हीच शेवटची. स्कॉटलंडच्या धारेवरल्या दिवसाशी सगळ्यांत जवळचा असा हाच आपला प्रकार. अनेक धावपटू आता तो सरावासाठी पळत करतात.

त्याहून कसाचा मार्ग सिंहगड-राजगड-तोरणा. डोंगरभटके हा दोन-तीन दिवसांत करतात. आता याच मार्गावर डिसेंबरात शर्यत होते. तिचा मूळ पल्ला ५३ किलोमीटरचा आहे आणि १०० किलोमीटर धावणारेही असतात. इथे सह्याद्री आणि स्कॉटलंड यांतला फरक लख्ख दिसतो. सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून निघालं की सगळी कमाई खर्चून खाली दरीत उतरावं लागतं आणि राजगड पुन्हा तळापासून चढावा लागतो. राजगड ते तोरणा मात्र धारेने जोडलेले आहेत. संजीवनी माचीवरून अळू दरवाजातून बाहेर पडायचं, कारवीच्या रानातून आणि वाळलेल्या गवतातून धारेने जायचं, मधली खिंड ओलांडायची आणि शेवटी लोखंडी शिडीने बुधला माचीवर चढायचं. सह्याद्रीचा कातळ थरांवर थर असा रचलेला असल्यामुळे गडांना चहूबाजूंनी कडे असतात. जिथे वाट आहे तिथूनच वर जाता येतं. स्कॉटलंडमध्ये धावणारा नकाशा आणि होकायंत्र घेऊन आपली वाट आपण ठरवतो. इथे वाट सोडणं म्हणजे कड्यावर जाऊन उभं राहणं.

रस्त्याने डोंगर धावायचा असेल तर साताऱ्याची हिल मॅरेथॉन आहे. २०१२ साली सुरू झालेली ही २१ किलोमीटरची शर्यत यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेला चढते आणि परत येते. २०१५ साली तिथे २६१८ जण धावले आणि एकाच डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटू म्हणून गिनीज बुकात नोंद झाली.

तुमच्या सातपुड्याचीही रीत जुनी आहे. असीरगडावर ज्याचा वास सांगतात, त्याच अश्वत्थाम्याच्या नावाने नंदुरबार जिल्ह्यात अस्तंभा डोंगर आहे. दिवाळीच्या सुमारास खानदेशातून, गुजरातेतून आणि मध्य प्रदेशातून लोक तेराशे मीटरच्या वर असलेलं ते शिखर चढून येतात. त्यात कुणी स्वतःला खेळाडू म्हणवून घेत नाही.

बायकांना हे झेपेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही. पण पत्र घरात वाचलं जाणार म्हणून सांगतो. २०१६ साली जॅस्मिन पॅरिस या धावपटूने रॅमसे राउंड १६ तास १३ मिनिटांत पुरी केली, तेव्हा ती पुरुष-स्त्रिया मिळून सगळ्यांत वेगवान ठरली. २०१९ च्या जानेवारीत तिने इंग्लंडमधून निघून स्कॉटलंडच्या सीमेवर संपणारी ४३० किलोमीटरची शर्यत ८३ तास १२ मिनिटांत, सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली. तिची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि वाटेतल्या थांब्यांवर ती बाळासाठी दूध काढून ठेवत होती. तान्ह्या बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरून गेलेली हिरकणी ज्यांना कहाणीच वाटते, त्यांनी हा निकाल जरूर पाहावा.

आता असीरगड. सरावाला तो उत्तमच आहे. सुटा डोंगर असल्यामुळे धार मिळणार नाही, पण चढ-उताराची आवर्तनं करता येतील. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात तुमच्या भागात ऊन जीव घेतं आणि पावसाळ्यात दगडी पायऱ्या निसरड्या होतात. चाळिशी उलटली असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या. चढताना छातीत दाब जाणवला तर तिथेच थांबा. पहिले काही आठवडे एकदाच चढा, तेही सगळं चालत, कुठेही न बसता. ते जमलं की उतारावरचे सोपे टप्पे हलके धावत उतरा. मग एकाची दोन आवर्तनं करा. आठवड्यात एक दिवस डोंगर, मधले दिवस कॉलनीतली तुमची पाच किलोमीटर आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. गड पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तेव्हा वेळेचे नियम पाळा. भोवतालच्या राखीव जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. एकट्याने जाऊ नका आणि घरी परतायची वेळ सांगून निघा.

तुमच्या तिन्ही प्रश्नांचं थोडक्यात उत्तर असं : डोंगरावर धावणारे चढावर चालतात आणि उतारावर कमावतात, आपल्याकडे हे होतं आणि वाढतं आहे, आणि तुम्हाला ते जमेल. असीरगडाची पाच आवर्तनं एका सकाळी धडधाकट पुरी झाली, की भाच्याला कळवा. मग बेन नेव्हिसची चढण तुमच्या पायांना नवी राहणार नाही.