अनोळखी माणसाला विचारावे कसे?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दुकान विकत घ्यायचे असेल, भागीदारी करायची असेल तर आपण चार वडीलधाऱ्यांना विचारतो. परंतु रोजचे छोटे प्रश्न मात्र मनातच ठेवतो. या कापडाला कोणती सुई लावावी? लाकडावरचे पॉलिश पांढरे का पडले? बिलावर कराचा दर कोणता लिहावा? ‘इतकी वर्षे धंदा करतो आणि एवढेही ठाऊक नाही?’ असे कोणी म्हणेल, ही लाज आड येते. शेजारचा दुकानदार प्रतिस्पर्धी असतो, म्हणून त्यालाही विचारवत नाही. परिणामी माल बिघडतो, गिऱ्हाईक परत जाते, आणि हे नुकसान कोणत्याही वहीत दिसत नाही.

आता हातातल्या फोनमुळे दुसऱ्या गावातील, कधीही न भेटलेल्या कारागिराला प्रश्न विचारता येतो. ही मोठी सोय आहे. परंतु विचारण्याची रीत ठाऊक नसेल तर हीच सोय फसवणुकीचे दारही ठरते. म्हणून आजचा हा धडा.

विचारण्यात कमीपणा नाही

दिव्य कुरआनच्या सूरह नहलमध्ये (आयत ४३) ज्यांना ठाऊक नाही त्यांनी जाणकारांना विचारावे, अशी शिकवण आहे. सहाबांचे जीवन याची साक्ष देते. इ. स. ६२२ मध्ये हिजरतीनंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) रिकाम्या हाताने मदीनेत आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचे व मदीनेचे हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांचे बंधुत्वाचे नाते जोडून दिले. सअद (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्यासाठी बरकतीची दुआ केली, मालमत्ता घेतली नाही, आणि एवढेच विचारले की येथे बाजार कोठे आहे? त्यांना बनू कैनुकाचा बाजार दाखवण्यात आला. तेथे त्यांनी पनीर व तुपाचा व्यापार सुरू केला आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या कमाईवर विवाहही केला. सहीह बुखारीतील हा प्रसंग आपणांपैकी अनेकांना माहीत आहे. त्यातील प्रश्नाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. काल-परवापर्यंत अनोळखी असलेल्या माणसाला विचारलेला तो एक साधा, नेमका प्रश्न होता.

प्रश्न नेमका हवा

‘माझ्या मशीनचा टाका सुटतो, काय करू?’ या प्रश्नाला दहा जण दहा उपाय सांगतील. तोच प्रश्न असा विचारून पाहा:

‘अस्सलामु अलैकुम. साधे शिलाई मशीन आहे. सुती कापडावर टाका बरोबर येतो, पण ताणणाऱ्या होजियरी कापडावर मधूनमधून सुटतो. सुई १६ नंबरची, कालच बदलली आहे. धागा पॉलिएस्टरचा आहे. असे कापड शिवणाऱ्या भाई-बहिणींनी कोणती सुई वापरता ते सांगावे.’

आता जाणकाराला लगेच कळेल की दोष मशीनचा नसून बहुधा सुईच्या टोकाचा आहे. होजियरीला गोल टोकाची सुई लागते. ती विणीचे धागे न तोडता बाजूला सारते. कारागिराला बोलावण्याचा खर्च वाचला.

या उदाहरणावरून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. वस्तू, माप व साहित्य सांगावे. आपण काय करून पाहिले ते सांगावे. आणि ‘ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी सांगावे’ अशी विनंती करावी. उपाय लागू पडला की नाही, हेही शेवटी कळवावे. हे केवळ आभार नव्हेत. पुढे तोच प्रश्न पडणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

उत्तर किती तपासावे?

सूरह हुजुरातमध्ये (आयत ६) दुराचारी माणसाने आणलेल्या बातमीची छाननी करण्याची आज्ञा आहे, जेणेकरून अजाणतेपणी कोणाचे नुकसान होऊ नये. अनोळखी माणूस दुराचारीच असतो असे नव्हे. परंतु तो कसा आहे हे आपणांस ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक उत्तराला एक प्रश्न लावावा: हे चुकीचे निघाले तर माझे किती जाईल?

एक सुई जाणार असेल तर खुशाल करून पाहावे. कापडाचा डाग काढायचा असेल तर आधी कापडाच्या तुकड्यावर करून पाहावे. कराचा, परवान्याचा किंवा कर्जाचा प्रश्न असेल तर मात्र अनोळखी माणसाचे उत्तर ही केवळ दिशा समजावी. निर्णय सरकारी माहिती किंवा आपला कर सल्लागार यांना विचारूनच घ्यावा.

खरे बोलणाऱ्याचे उत्तरही जुने असू शकते. तयार कपड्यांचेच पाहा. एका नगाची किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी आणि त्यावर १२ टक्के, हे उत्तर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत बरोबर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १८ टक्के असा दर झाला. जुने उत्तर वाचून बिल फाडणाऱ्याच्या हातून लबाडी नसतानाही चूक होईल. म्हणून उत्तर कोणत्या तारखेचे आहे, हे आधी पाहावे.

येथे हात आखडावा

मदतीच्या नावाखाली कोणी फोनवर आलेला ओटीपी, युपीआयचा पिन किंवा आधार कार्डाचा फोटो मागितला तर संभाषण तेथेच थांबवावे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. ‘उद्यम नोंदणी करून देतो, इतके पैसे पाठवा’ असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहावे. १ जुलै २०२० पासून सुरू असलेल्या सरकारी उद्यम संकेतस्थळावर ही नोंदणी मोफत होते. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

उत्तर देणाऱ्याची जबाबदारी

आज विचारणारा उद्या सांगणाराही होतो. सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आला आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली होती. त्याला स्नान अनिवार्य झाले. तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. त्यांनी माहिती नसताना ‘नाही’ सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे कळल्यावर प्रेषित (स.) सोबत्यांवर अत्यंत नाराज झाले आणि अज्ञानावर इलाज विचारण्यात आहे, असे त्यांनी बजावले. येथे विचारणाऱ्याने आपले कर्तव्य केले होते. चूक न जाणता सांगणाऱ्यांची होती.

ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो, ही हदीसची शिकवण आहे. म्हणून स्वतः केलेले असेल तर ‘मी केले आहे’ म्हणावे. ऐकीव असेल तर ‘ऐकले आहे’ म्हणावे. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणावे. आपल्या दुकानाचा माल खपवण्यासाठी सल्ला देणे ही त्या अमानतीत खियानत आहे.

या आठवड्यासाठी

१. लाजेपोटी न विचारलेला धंद्यातील एक छोटा प्रश्न वहीत लिहा.
२. वर सांगितल्याप्रमाणे माप, साहित्य व केलेले प्रयत्न लिहून तो पुन्हा मांडा.
३. चुकीच्या उत्तराने किती नुकसान होईल ते शेजारी लिहा, आणि मगच विचारा.
४. आपणांस पक्के ठाऊक असलेल्या एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कारागिराला विनामोबदला द्या.

असे केल्यास वर्षअखेरीस ती वही दुकानातील सर्वांत उपयोगी पुस्तक ठरेल, इन्शाअल्लाह.