भिंतीवर कुणाची गोष्ट?

पुण्यात कोथरूडच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर भिंती रंगवताना शिकलेलं काही.

१. भिंत नंतर शोधावी, आधी माणसं. गावठाणातली घरं सोडली तर कोथरूडकर बहुतेक कुठून ना कुठून आलेला. पौड रस्त्याच्या बाजूला मुळशी तालुक्यातली कुटुंबं भेटतात. त्याच मुळशीत गावं बुडवणाऱ्या टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतून उठलेले लोक भेटतात, १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलेलेही. आणि आज इथले टॉवर बांधायला कर्नाटक, बिहारमधून आलेले मजूर. त्यांना वगळून रंगवलेली भिंत मला अपुरी वाटते.

२. संकटाचं चित्र काढायचा मोह आवरावा. एका भिंतीवर पोरांना पानशेतचा पूर हवा होता: लाटा, वाहून जाणारी घरं. ज्यांची गोष्ट होती त्या आजी म्हणाल्या, "पाणी काय काढताय? माझी शिलाई मशीन काढा. चिखलातनं उपसली, रॉकेलनं पुसली, तिच्यावरच घर उभं केलं." मग मुलं मशीन बघायला घरी गेली. चाकाचा आकार, पायडलवरची नक्षी त्यांनी वहीत उतरवली. भिंतीचा मधला सगळा भाग त्या मशीनला दिला. पूर खाली, मातकट पट्ट्यात आला.

३. मुलांना फक्त रंग भरायला बसवू नये, आणि फुकटही राबवू नये. लॉस एंजेलिसमध्ये चित्रकार ज्युडी बाका यांनी १९७६ पासून पुराच्या पाण्याच्या काँक्रीट कालव्यालगत सुमारे ८४० मीटर लांबीचं भित्तिचित्र उभं केलं. कॅलिफोर्नियात आलेल्या-वसलेल्यांचा तो इतिहास. सुमारे चारशे तरुण त्यात राबले, आणि त्यांना कामाचे पैसे मिळाले. आपल्याकडे मात्र मुलांना वडापाव आणि प्रमाणपत्रावर वाटेला लावतात. हे बदललंच पाहिजे.

४. पावसाळा सरल्यावर, भिंत पुरती सुकल्यावरच काम काढावं. पोपडे खरवडून प्रायमर. परांचीवर मोठ्यांनीच चढावं.

५. चेहरा काढण्याआधी त्या माणसाला कच्चं रेखाटन दाखवावं. बांधकामावरच्या एक ताई म्हणाल्या, चेहरा नको, गावाचं नाव लिहा, मोठं लिहा. कन्नड अक्षरं त्यांच्या मुलानं आधी खडूनं काढून दिली. आता पुढच्या भिंतीसाठी माणसांशी बोलायला तोच जातो.