वाघाचे भय आणि मनाच्या पळवाटा

मोह गळू लागला आणि पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम आला, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल परिसरातल्या गावांतून दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींचा सूर बदलतो. छातीत धडधड होते, झोप लागत नाही, पोटात गोळा येतो, हातापायाला मुंग्या येतात. तपासणीत बऱ्याचदा काही सापडत नाही. मग बोलता बोलता कळते, की शेजारच्या गावात वाघाने माणूस मारला आहे आणि तरीही उद्या पहाटे मोहफुले वेचायला जायचेच आहे.

ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून राहणाऱ्यांना ही ओढाताण नवी नाही. जंगलात गेले नाही तर वर्षाची रोकड बुडते, गेले तर जीव टांगणीला लागतो. एकच गोष्ट हवीही असते आणि नकोही, तेव्हा माणूस धड पुढे जात नाही, धड मागे फिरत नाही. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात अशा अंतर्गत संघर्षांची मांडणी केली. त्याआधी, 1923 साली, मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडने मनाचे तीन कारभारी कल्पिले: इच्छा-वासनांचा ‘इदम्’, कर्तव्याचा धाक घालणारा ‘पराहम्’ आणि दोघांना सांभाळत व्यवहार पाहणारा ‘अहम्’. मेंदूत असे तीन कप्पे नसतात आणि फ्रॉइडचे सगळे म्हणणे आज कुणी मानत नाही. मात्र एक निरीक्षण टिकले आहे. ताण असह्य झाला, की मन आपल्या नकळत पळवाटा काढते. त्यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. फ्रॉइडची मुलगी ॲना हिने 1936 साली त्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

आपल्याकडे दिसणाऱ्या काही यंत्रणा पाहू.

नकार: “मले काही होत नाही जी,” असे म्हणत एकटेच जंगलात शिरणे. भीती तेवढ्यापुरती पळते, वाघ मात्र तिथेच असतो. इथे ही पळवाट थेट जिवावर बेतते.

समर्थन: “दारू घेतली की झोप लागते, म्हणून घेतो.” कारण पटण्याजोगे वाटते, पण दारूची झोप तुटक असते आणि सकाळी बेचैनी वाढलेली असते.

प्रक्षेपण: स्वतःची भीती दुसऱ्याच्या माथी मारणे. छाती आपली धडधडते आणि भित्री ठरते बायको.

विस्थापन: वड्याचे तेल वांग्यावर. वनखात्यावरचा राग रास्त असू शकतो, तो ग्रामसभेत जरूर मांडा. पण तो घरी लेकरांवर निघू लागला, तर थांबून विचार करा.

दमन: नको ती आठवण मनाच्या तळाशी जाते. माणूस म्हणतो, “मी विसरलो,” पण त्या वाटेवर पाय ठेवताच घाम फुटतो.

कोण कोणती पळवाट धरेल, हे बरेचसे स्वभावावर अवलंबून असते. स्वभाव काही अंशी जन्मजात, काही अंशी अनुभवाने घडलेला. म्हणून एकाच घरातल्या दोन जावांपैकी एक रडून मोकळी होते आणि दुसरी महिनाभर कंबरदुखी काढते. दुसरी सोंग करते असे मानू नका. तिचे दुखणे खरेच असते.

सगळ्या पळवाटा वाईटही नसतात. पहिल्या धक्क्यात थोडा नकार माणसाला उभे राहू देतो. विनोद आणि उदात्तीकरण या तर प्रगल्भ यंत्रणा मानल्या जातात. दुःख, संताप कलेत किंवा कामात ओतणे म्हणजे उदात्तीकरण. धानाची कापणी आटोपली, की गावोगावी रात्र-रात्र रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत रडणारा प्रेक्षकही काही ओझे तिथे उतरवून येतो.

आता सल्ला. दुखणे मनाचे आहे असे स्वतःच ठरवू नका, आधी शरीर तपासून घ्या. छातीत दुखले, दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहाटेच्या अंधारात जाऊ नका; उजाडल्यावर, गटाने आणि बोलत जा. भीती वाटते हे घरात उघड बोला. भीती कबूल करणारा माणूस सावध राहतो. हल्ला पाहिलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा तोच प्रसंग सांगायला लावू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला जेवू घाला, आणि तो आपणहून बोलू लागला तर ऐका.

महिना उलटूनही भयंकर स्वप्ने, दचकणे, कामावर न जाणे किंवा वाढती दारू सुरूच असेल, तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. चंद्रपूरच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करा. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील, तर महिना मोजत बसू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, घरातले कीटकनाशक कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या.