समोरचा दात गेला तर? इम्प्लांट आणि ‘तात्पुरता दात’ समजून घेऊया



मैदानावर पडून किंवा बेंचची कड लागून समोरचा दात निघून येणं, हे शाळेला नवीन नाही. दात कायमचा गेला की पालक लगेच विचारतात, "इम्प्लांट करून टाकू का?" डॉक्टर म्हणतात, "अजून काही वर्षं थांबा." का थांबायचं आणि तोवर मुलाने काय करायचं, ते आज पाहूया.

इम्प्लांट म्हणजे काय?
जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. त्यावर कृत्रिम दात बसवतात. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवतं, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना 1952 मध्ये संशोधन करताना दिसलं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले.

मुलांना लगेच का नाही?
आपल्या दाताभोवती बारीक तंतू असतात. जबडा वाढतो तसा दातही त्याच्याबरोबर सरकतो. इम्प्लांट मात्र हाडाला जखडलेला, तो जागचा हलत नाही. दरवेळी डांबर चढवून रस्ता उंच होतो आणि जुन्या घराचा उंबरठा खाली राहतो ना, अगदी तसंच! शेजारचे दात पुढे जातात, इम्प्लांटचा दात आखूड दिसू लागतो. म्हणून जबड्याची वाढ थांबेपर्यंत, म्हणजे निदान 18 वर्षांपर्यंत आणि कधी त्याहून जास्त, थांबावं लागतं.

तोवर काय?
1. काढता-घालता येणारी एका दाताची कवळी
2. दात बसवलेला पारदर्शक ट्रे
3. शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला दात

यातलं काय योग्य, हे मुलाचं वय आणि दातांची ठेवण पाहून डॉक्टर ठरवतात. मूल वाढत असल्याने कवळी किंवा ट्रे अधूनमधून बदलावा लागतो.

मोठेपणी इम्प्लांट बसवल्यावरही हाड धरायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. त्या काळातही तात्पुरता दात देतात. तो समोरच्या दातावर आदळू नये असा ठेवतात, कारण स्क्रू हलला तर हाड धरत नाही. इम्प्लांटवरच बसवलेला तात्पुरता दात हिरडीला नीट आकारही देतो.

काळजी
या दाताने ऊस, चिक्की, कडक भाकरी तोडू नये. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. हिरडी दुखली, सुजली किंवा दात हलू लागला तर लगेच दाखवावं. घरी गोंदाने चिकटवू नये!

पहिला तास महत्त्वाचा
खरं तर ही सगळी वेळ टळूही शकते. पक्का दात मुळासकट पडला तर तो वरच्या, पांढऱ्या भागाने धरा. मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा. मूल शुद्धीवर, शांत असेल तर दात त्याच जागी बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर थंड दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

आणि वर्गात?
दात गेलेलं मूल हसताना तोंडावर हात धरतं, प्रकट वाचनाला उठत नाही. ‘स’, ‘फ’ नीट उमटत नाहीत म्हणून मुलं हसतात. आपण त्याला दोन-चार दिवस सवड द्यावी, हसणाऱ्यांना समजवावं आणि मग त्याच्याकडून पुन्हा वाचून घ्यावं. नवा दात तोंडात रुळायला सराव लागतोच.

तात्पुरता असला, तरी शाळेची बरीच वर्षं मूल त्याच दाताने हसणार आहे. म्हणून "चालतंय तसंच" असं म्हणू नका. आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीवर आजच एक चिठ्ठी चिकटवा: दात पडला – दूध – एक तास.